फौजदारी कायद्याच्या पेपरसाठी इंग्रजीची तयारी

मराठी माध्यमातून शिकून पुण्यात कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही यादी आहे. चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांतला फरक या मुलामुलींना मराठीत चांगला कळलेला असतो. अडते ते तोच फरक इंग्रजीत चार ओळींत, परीक्षकाला कुठेही न खटकता लिहिताना. पहिल्या खेपेस माझी तयारी जिथे फसली ती जागा म्हणजे क्रियापदांमागून येणारी प्रिपोझिशन, आणि म्हणून पुढे तोच मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

आधी साहित्य. वही आणि पेन यांबद्दल लिहिण्याची गरज नाही. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी घ्यावा, कारण शब्दामागून कोणते प्रिपोझिशन येते ते उदाहरणाच्या वाक्यासह त्यात दिलेले असते. केवळ मराठी अर्थ देणाऱ्या छोट्या कोशात ते बहुधा नसते. बेअर ॲक्ट, म्हणजे भाष्याशिवाय छापलेला कायद्याचा मूळ मजकूर, मात्र पारखून घ्यावा लागतो. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात, पण 1860 ची भारतीय दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, 511 कलमांची जागा 358 कलमांनी घेतली आहे आणि जवळजवळ सगळे क्रमांक बदलले आहेत. खुनाच्या शिक्षेचे 302 आता 103 आहे, फसवणुकीचे 420 आता 318 च्या चौथ्या पोटकलमात आहे, चोरीची व्याख्या 378 मधून 303 मध्ये आली आहे. तरीही जुने पुस्तक टाकून देऊ नये. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी संहिताच लागू राहते, आणि वर्गात शिकवले जाणारे बहुतेक गाजलेले निकाल जुन्या क्रमांकांनीच बोलतात. दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. इंग्रजी पाठ आणि मराठी भाषांतर समोरासमोर असलेली प्रत मिळाली तर ती जरूर घ्यावी. मात्र इंग्रजी वाक्य आधी स्वतः फोडून पाहावे आणि मगच मराठीकडे वळावे, नाही तर डोळा आपोआप मराठी रकान्यावर जातो आणि इंग्रजी न वाचताच पान उलटले जाते.

शब्दांच्या वहीत एका पानावर चार रकाने आखावेत: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, नवे व जुने कलम, आणि चौथ्या रकान्यात तो शब्द वापरलेले पूर्ण वाक्य. पहिले तीन रकाने सगळेच भरतात. चौथा रिकामा ठेवला तर ही वही परीक्षेत उपयोगी पडत नाही, कारण परीक्षेत सुटा शब्द लिहायचा नसतो, वाक्य लिहायचे असते. ‘कन्व्हिक्ट म्हणजे दोषी ठरवणे’ एवढे पाठ करून कोणीही उत्तर लिहू शकत नाही.

आता प्रिपोझिशन. मराठीत आपण ‘त्याच्यावर चोरीचा आरोप आहे’ असे म्हणतो, त्यामुळे इंग्रजी लिहिताना हात ‘ऑन’कडे जातो. ‘आरोपातून सुटला’ असे म्हणतो, म्हणून ‘फ्रॉम’ लिहिले जाते. आपले विभक्तीचे प्रत्यय इंग्रजीत ओढून नेले की वाक्य बिघडते आणि ते बिघडल्याचे आपल्याला कळतही नाही, कारण मराठी कानाला ते बरोबरच वाटते. म्हणून जोड्या घोकाव्यात. ॲक्यूज्ड ऑफ थेफ्ट. चार्ज्ड विथ मर्डर. कन्व्हिक्टेड ऑफ चीटिंग. ॲक्विटेड ऑफ द चार्ज. सेंटेन्स्ड टु इम्प्रिझनमेंट. सस्पेक्टेड ऑफ, पण अरेस्टेड फॉर. गिल्टी ऑफ ॲन ऑफेन्स, पण गुन्ह्याची कबुली न्यायालयात द्यायची असेल तर प्लीड गिल्टी टु द चार्ज. आरोप करणे आणि दोषारोप ठेवणे ही मराठीत एकाच घरातली क्रियापदे वाटतात. इंग्रजीत एकाला ‘ऑफ’ लागते आणि दुसऱ्याला ‘विथ’, आणि परीक्षकाची लाल रेघ नेमकी तिथेच उमटते.

एकाच क्रियापदाला तीन वेगवेगळी प्रिपोझिशन लागतात असेही होते. ‘पनिश्ड’नंतर गुन्हा आला तर ‘फॉर’, शिक्षा आली तर ‘विथ’, कलम आले तर ‘अंडर’. तिन्ही एका वाक्यात बसवून ते वाक्य मोठ्याने म्हणावे. काही क्रियापदांना तर प्रिपोझिशन लागतच नाही: ‘अबेट’च्या (गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणे) पुढे थेट कर्म येते, ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ येत नाही. ‘स्टील’चे कर्म वस्तू असते आणि ‘रॉब’चे कर्म माणूस असतो, वस्तू माणसाजवळून चोरली जाते, तिथे ‘फ्रॉम’, आणि माणूस वस्तूला मुकतो, तिथे ‘ऑफ’. निकालपत्रांत ‘कन्व्हिक्टेड फॉर द ऑफेन्स’ अशी रचना वारंवार दिसेल. ती आपल्याकडे रूढ आहे आणि तिने गोंधळून जाऊ नये, पण पुढे गुन्ह्याचे नाव थेट येत असेल तर ‘ऑफ’च लिहावे. शब्द एकटा पाठ करू नये. हे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहे आणि प्रत्येकाने लिहून ठेवावे असा माझा आग्रह आहे.

व्याकरणाचे बाकीचे धडे वेगळ्या पुस्तकातून करण्यापेक्षा कलमांतूनच करावेत. चोरीची व्याख्या घ्या. एका वाक्यात ‘हूएव्हर’ने सुरुवात होते, मध्ये हेतू, जंगम मालमत्ता, ताबा आणि संमतीचा अभाव हे सगळे येते आणि मुख्य क्रियापदाला पोहोचेपर्यंत दम लागतो. असे वाक्य वाचताना आधी कर्ता शोधावा, मग शेवटचे ‘इज सेड टु कमिट थेफ्ट’ शोधावे आणि मधल्या प्रत्येक अटीला पेन्सिलीने क्रमांक द्यावा; उत्तरपत्रिकेत गुन्ह्याचे घटक म्हणून याच अटी लिहायच्या असतात. त्याच कलमाखाली कुत्र्याचे उदाहरण आहे. कोणी खिशात कुत्र्याला आवडणारे खाणे ठेवतो आणि दुसऱ्याचा कुत्रा त्याच्यामागे चालू लागतो. हेतू अप्रामाणिक असेल आणि मालकाची संमती नसेल, तर कुत्रा मागे निघाला त्या क्षणीच चोरी पूर्ण झाली, असे कायदा म्हणतो, आणि तिथे ‘हॅज कमिटेड’ आणि ‘हॅज बिगन’ अशी रूपे वापरतो. गुन्हा नेमका कोणत्या क्षणी पूर्ण झाला हे प्रेझेंट परफेक्ट सांगतो. त्या जागी साधा भूतकाळ लिहिला तर ती धार जाते. काळाची हीच शिस्त उत्तरातही पाळावी: घटना भूतकाळात, कायदा वर्तमानकाळात, आणि एका परिच्छेदात दोन्ही आले तर प्रत्येक वाक्यापाशी थांबून तपासावे.

‘शॅल’ आणि ‘मे’ यांवर एक संध्याकाळ घालवावी. चोरीच्या शिक्षेत कारावास ‘मे एक्स्टेंड टु’ तीन वर्षे आहे, म्हणजे ती वरची मर्यादा झाली. ‘शॅल नॉट बी लेस दॅन’ आले की ती खालची मर्यादा झाली आणि न्यायाधीशाला त्याखाली जाता येत नाही. तसेच ‘ऑर विथ फाइन, ऑर विथ बोथ’ यात दंड पर्यायी आहे, तर खुनाच्या कलमातील ‘अँड शॅल ऑल्सो बी लायेबल टु फाइन’ यात दंड शिक्षेच्या जोडीला येतो. ‘लायेबल’नंतर ‘टु’. ‘ऑफ आयदर डिस्क्रिप्शन’ म्हणजे सश्रम किंवा साधा, दोहोंपैकी कोणताही कारावास. ‘प्रोव्हायडेड दॅट’ दिसले की थांबावे, तिथून अपवाद सुरू होतो: चोरलेली मालमत्ता 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची, दोषसिद्धी पहिलीच आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा त्याच वाटेने आत येते.

गुन्ह्यांचे शब्द वर्णानुक्रमे पाठ करू नयेत, नात्यांनी करावेत. थेफ्ट किंवा एक्स्टॉर्शनमध्ये (खंडणी) बळाचा वापर अथवा तत्काळ इजेची भीती मिसळली की रॉबरी. पाच किंवा अधिक जण एकत्र येऊन तीच रॉबरी करतात किंवा तसा प्रयत्न करतात तेव्हा डकॉइटी. प्रत्येक मर्डर हा कल्पेबल होमिसाइड (सदोष मनुष्यवध) असतो, उलटे खरे नसते. डिसचार्ज म्हणजे दोषारोप ठेवण्यापूर्वीच सुटका आणि ॲक्विटल म्हणजे खटला चालल्यानंतरची सुटका. बातमीत दोन्हींसाठी ‘सुटका’ चालून जाते, उत्तरपत्रिकेत चालत नाही. दखलपात्र-अदखलपात्र आणि जामीनपात्र-अजामीनपात्र या दोन जोड्यांचीही गल्लत होते. ‘एव्हिडन्स’चे अनेकवचन करू नये, ‘इन्फर्मेशन’चेही नाही. आणि दोषसिद्धी होईपर्यंत ‘अलेज्ड’ हा शब्द गाळू नये. ते केवळ सौजन्य नाही. तो गाळला की खटला संपण्यापूर्वीच आपण माणसाला गुन्हेगार ठरवतो, आणि कायद्याच्या विद्यार्थ्याकडून ते होता कामा नये.

वाचनासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे जामिनाचे आदेश निवडावेत. संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, आदेश संकेतस्थळावर सहज मिळतात आणि जामिनाचे बरेचसे आदेश काही पानांतच संपतात. रोज एक वाचावा आणि त्यातले प्रत्येक प्रिपोझिशन अधोरेखित करावे. ‘पनिशेबल अंडर’, ‘रिलीज्ड ऑन बेल’, ‘ॲप्लिकेशन फॉर ॲन्टिसिपेटरी बेल’: हे शब्द पन्नास आदेशांत त्याच क्रमाने भेटतात आणि मग हाताला वळण लागते. वेळ असल्यास शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून एखादी साक्ष ऐकावी. ती बहुधा मराठीत होईल. घरी येऊन तिचा सारांश इंग्रजीत दहा ओळींत लिहावा आणि इंग्रजी चांगले असलेल्या मित्राकडून तपासून घ्यावा. स्वतःचे स्वतः तपासू नये, कारण मराठी कान पुन्हा फसवतो.

तोंडी परीक्षेसाठी व्याख्या मोठ्याने म्हणण्याचा सराव हवा. उच्चार शब्दकोशाच्या ॲपवर ऐकावेत. शेवटच्या आठवड्यात नवा शब्द घेऊ नये. फक्त चौथा रकाना वाचावा. आदल्या रात्री कलमांच्या क्रमांकांचे पान आणि प्रिपोझिशनचे पान, बाकी काही नाही. हॉल तिकीट, ओळखपत्र. पेपरमध्ये शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि त्या वेळात उत्तरांचा मजकूर न वाचता फक्त ‘ऑफ’, ‘विथ’, ‘टु’, ‘फॉर’, ‘अंडर’ एवढेच शोधत पानावरून बोट फिरवावे.