मुलांच्या बातमीपत्रात होणाऱ्या चुका : स्क्रिप्टपासून एडिटपर्यंत

बहुतेक चुका कॅमेरा सुरू होण्याआधीच झालेल्या असतात. मोठ्यांची स्क्रिप्ट घेऊन तिच्यातले अवघड शब्द काढले आणि वाक्यं तोडली की मुलांची बातमी तयार झाली, असं मानलं जातं. पण मोठ्यांच्या बातमीत मागचं सगळं गृहीत धरलेलं असतं. ‘व्याजदर पाव टक्क्याने वाढले’ हे वाक्य दहा वर्षांचं मूल सहज वाचेल. पण व्याज कोण कोणाला देतं, दर कोण ठरवतं, तो वाढला की घरात काय बदलतं, हे त्याला कुठून कळणार? म्हणून पहिल्या एका वाक्यात आज काय घडलं ते सांगा, मग पार्श्वभूमी आणि शेवटी पुन्हा आजची घटना. 90 सेकंदांच्या बातमीत पार्श्वभूमीला 40 सेकंद गेले तरी चालतील. त्यासाठी एखादी बातमी गाळावी लागली तर गाळा.

स्क्रिप्ट त्या वयाच्या मुलाला वाचून दाखवा, पण ‘कळलं का?’ विचारू नका. मुलं ‘हो’ म्हणतात. ‘आता तू मला सांग, काय झालं?’ असं विचारा. ते जिथे अडखळेल, तिथे स्क्रिप्ट कच्ची आहे.

आकड्यांचंही तसंच. ‘पाच हजार हेक्टर जंगल जळालं’ यातून चित्र उभं राहत नाही, आणि ‘सात हजार फुटबॉल मैदानं’ म्हटल्यानेही नाही. 1 हेक्टर म्हणजे 100 मीटर बाजूचा चौरस, हे एकदा नकाशावर दाखवा आणि जळालेला भाग मुलांच्या ओळखीच्या शहराच्या नकाशावर ठेवा. एका बातमीत एकच मोठा आकडा पुरे.

भीतिदायक बातमी टाळणं हीसुद्धा चूकच, कारण ती मुलांच्या कानावर तोवर गेलेली असते. 1972 पासून चालणाऱ्या बीबीसीच्या ‘न्यूजराउंड’ या मुलांच्या बातमीपत्राने 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघाताची बातमी ब्रिटिश टीव्हीवर सर्वात आधी दिली होती. प्रश्न असतो तो मांडणीचा. काय झालं, ते आपल्यापासून किती लांब आहे, मदतीला कोण पोहोचलं आणि अजून काय माहीत नाही, हा क्रम ठेवा. ‘काहीही होणार नाही’ असं खोटं आश्वासन देऊ नका. इमारत कोसळतानाचं फुटेज लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत, टाकू नका : लहान मुलांना प्रत्येक वेळी नवी इमारत पडते आहे असं वाटू शकतं. दृश्य एकदाच दाखवा, पुढे नकाशा किंवा स्थिरचित्र वापरा.

ग्राफिक्समधली एक चूक थेट तब्येतीवर येते. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळे झोत सेकंदाला सुमारे 12 वेळा लखलखले आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट नको. आपले टायटल आपण तपासतो, पण पत्रकार परिषदेच्या फुटेजमधले फोटोग्राफरचे फ्लॅश निसटतात. असा शॉट कापा किंवा एक फ्रेम गोठवा.

मुलांचे बाइट (कॅमेऱ्यासमोरचे छोटे जबाब) घेताना कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. वरून घेतलेल्या शॉटमध्ये मूल दबलेलं दिसतं. ‘तुला भीती वाटली ना?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच मिळतं. ‘तेव्हा तू काय करत होतीस?’ असं विचारा आणि तीन-चार सेकंद गप्प राहा. खरं उत्तर बहुधा त्या शांततेनंतर येतं. पालक खोलीत असावेत, पण मुलाच्या नजरेसमोर नकोत, नाहीतर मूल त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलतं. लेपल माइक (कॉलरला लावायचा छोटा माइक) कपड्याला घासत असेल तर जागा बदला. ती खरखर एडिटमध्ये काढता येत नाही. पालकांची लेखी संमती घ्याच, पण मूल स्वतः नको म्हणालं तर तिथेच थांबा. संवेदनशील विषयात नाव गाळूनही गणवेशावरचा बिल्ला किंवा मागचा शाळेचा फलक ओळख उघड करतो. फ्रेम लावतानाच तो बाहेर ठेवा.

एवढं करूनही चूक प्रसारित झाली, तर दुरुस्ती पुढच्याच भागात, सुरुवातीच्या मिनिटात, अँकरने स्वतः सांगावी. रेकॉर्डिंगची फाइलही बदला, कारण शिक्षक तोच भाग महिनाभराने वर्गात लावतात.