काठावर जीरावन: फळांचं तिखट-गोड कॉकटेल घरी कसं करावं

इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघून परतलेली माणसं दुपारी दारात उभी राहतात तेव्हा चेहऱ्यावरून कोण कुठलं ते कळत नाही, आणि आवाजावरूनही नाही, कारण तो बसलेला असतो. राजवाड्यासमोर टँकरमधून उडणारं रंगीत पाणी, गुलालाचे ढग, मार्चचं ऊन आणि तीन-चार तासांची आरडाओरड. अशा घशाला चहा नको असतो आणि साधं लिंबाचं सरबत एका घोटात संपतं. आमच्या राजेंद्रनगरच्या घरी म्हणून त्या दिवशी फळांचं कॉकटेल असतं. त्यात मद्याचा थेंबही नसतो. हॉटेलात याला मॉकटेल म्हणतात हे आम्हालाही ठाऊक आहे, पण आत्या पहिल्यापासून कॉकटेलच म्हणत आली आहे. ‘‘या, कॉकटेल घेणार ना?’’ असं विचारल्यावर नव्या पाहुण्याचा जो चेहरा होतो, तो बघण्याचा तिचा आनंद आम्ही का घालवावा?

पहिल्या वर्षी मी ते पार बिघडवलं होतं. इंदूरचं पेय म्हणजे जीरावन हवंच, या उत्साहात दोन चमचे जीरावन थेट पातेल्यात घातलं आणि ढवळलं. पहिले चार पेले बरे गेले. पाचव्यापासून तळाचा गाळ यायला लागला आणि शेवटचा पेला ज्याच्या वाट्याला आला त्याला हिंग, हळद आणि धण्याची पूड मिळाली, वर थोडा अननसाचा रस. जीरावन पोह्यांवर भुरभुरायचा मसाला आहे. त्यातलं काळं मीठ विरघळतं, बाकीचं काहीच विरघळत नाही. तेव्हापासून आमचा नियम: गोड आणि आंबट पेल्यात, मिरची पाकात, जीरावन काठावर. मसाला आधी ओठाला लागतो, मग थंड गोड रस, आणि घोट गिळून झाल्यावर मिरची मागून येते. हा क्रम साधला की बाकी कृती सोपी आहे.

साहित्य (६ पेल्यांसाठी)

अननस, मध्यम, १
संत्री, ५
पिकलेले पेरू, २
लिंबं, २
साखर, १ वाटी
हिरव्या मिरच्या, ३
आलं, १ इंच
काळी मिरी, ८ दाणे
जीरावन, २ चमचे
पिठीसाखर, १ चमचा
मीठ, पाव चमचा
हिरवी बिनबियांची द्राक्षं, मूठ-दोन मुठी
साधा सोडा, १ छोटी बाटली
बर्फ

फळं घेताना एक गोष्ट. पुण्याहून आलेल्या मावसबहिणीने एकदा गाडीवाल्याला ‘‘पेरू कैसे दिये?’’ असं विचारलं आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. इकडे बाजारात पेरूला जाम म्हणतात. घरात पेरू, गाडीपाशी जाम, असं आमचं दोन जिभांचं राहणं आहे. मार्चमध्ये पेरूचा हंगाम सरत आलेला असतो, त्यामुळे मिळतील ते नीट दाबून घ्या: बोट किंचित रुतलं पाहिजे आणि वास न हुंगता आला पाहिजे. आतून गुलाबी मिळाला तर रंग सुरेख येतो. संत्री आगर-माळव्याकडची येतात तोवर तीच घ्यावीत, रसाळ असतात. सालीवरून फसू नका. हातात जड लागणारं संत्रं रसाचं.

आदल्या रात्री: द्राक्षं आणि पाक

द्राक्षं धुऊन, अगदी कोरडी पुसून, ताटलीत एकेक सुटं ठेवून फ्रीझरमध्ये टाका. ती दुसऱ्या दिवशी बर्फाचं काम करतात आणि पेय पातळ करत नाहीत. ओली ठेवलीत तर सकाळी एकच ढेकूळ हाती येईल.

आता पाक. पातेलीत वाटीभर साखर आणि पाऊण वाटी पाणी घाला. मिरच्या मधोमध उभ्या चिरून, आल्याचे काप करून, मिरी जराशी ठेचून त्यातच टाका. मध्यम आचेवर साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद करायचा. तार वगैरे बघायची नाही, हा गुलाबजामाचा पाक नव्हे. घट्ट झाला तर थंड रसात मिसळणार नाही, तळाशी बसेल. झाकण ठेवून १५ मिनिटं मुरू द्या आणि गाळून घ्या. रात्रभर मिरच्या त्यातच ठेवल्या तर तिखटपणा थोडाच वाढतो, पण कच्च्या मिरचीचा हिरवट, कडसर वास मात्र भरपूर येतो.

मिरचीचा जहालपणा बियांत असतो असं आपण धरून चालतो. तो खरा असतो बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. ती शीर चमच्याच्या टोकाने काढून टाकली तर मिरचीचा स्वाद राहतो आणि ठसका निम्म्याहून कमी होतो. मुलं पिणार असतील तर असंच करा. आणखी लहान मुलांसाठी किंवा पित्ताचा त्रास असणाऱ्यांसाठी नुसत्या आल्याचा वेगळा पाक काढा.

पाकाची चव चमचा चाटून घेऊ नका. साखरेच्या गोडीखाली तिखट दडतं आणि अंदाज चुकतो. अर्धा पेला थंड पाण्यात चमचाभर पाक घालून एक घोट घ्या आणि मनात दहापर्यंत मोजा. आकडा सातच्या आसपास असताना घशाशी ऊब जाणवली तर पाक जमला. तीनलाच जाणवली तर दुसऱ्या दिवशी पाक हात आखडून घाला.

साखरेऐवजी गूळ घालून पाहिला आहे. चव चांगली, पण रंग गढूळ होतो आणि सगळ्या फळांवर गुळाचाच वरचष्मा. पन्ह्याला गूळ, याला साखर.

अननस भाजून घ्या

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो आणि लोक नेमकी हीच गाळतात. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं, प्रथिनं फोडणारं विकर असतं. जास्त अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते त्यात त्याचा हात असतो. आधीच चुरचुरलेल्या जिभेवर मिरची गेली की ते तिखट राहत नाही, आग होते. उष्णतेने हे विकर निकामी होतं. शिवाय भाजल्यावर अननसाची साखर किंचित करपून जो खमंगपणा येतो तो मिरचीशी छान जुळतो.

साल काढून, डोळे काढून, अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा. मधला कडक दांडा टाकून द्या. नॉनस्टिक तवा चांगला तापवा, तेल-तूप काही नको. चकत्या ठेवा आणि हलवू नका. आधी पाणी सुटून चुर्र आवाज येईल, मग तो आवाज बारीक होत जाईल आणि कडेला तपकिरी रेघ दिसेल, तेव्हा उलटा. एका बाजूला साधारण तीन मिनिटं लागतात. बिडाचा तवा या कामाला वापरू नका, आंबट रसाने तो काळं सोडतो आणि पुढच्या पोळ्यांनाही वास लागतो. चकत्या पूर्ण गार झाल्या की मिक्सरमधून काढून गाळा. साधारण ३०० मिली रस निघतो.

बाकीचे रस

पेरूच्या फोडी पेलाभर पाण्याबरोबर मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवा. सलग फिरवलं तर बिया चिरडतात आणि रस कचकच लागतो. स्टीलच्या गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून काढा. रस दाटसर येईल, तसाच हवा. पेरूतल्या पेक्टिनमुळेच कॉकटेलला अंग येतं, नाहीतर ते पाण्यासारखं वाटतं.

संत्री मिक्सरमध्ये मुळीच घालू नका. आडवी कापून हाताने पिळा. बिया आणि पांढरे पापुद्रे वाटले गेले की कडवटपणा येतो. चांगला पिळलेला संत्र्याचा रसही तास-दोन तास ठेवला तर कडवट व्हायला लागतो, म्हणून संत्री आणि लिंबं शेवटी, पाहुणे आंघोळीला गेले की पिळायची. (रंग निघायला पाऊण तास लागतोच, तेवढा वेळ भरपूर आहे.)

लिंबाला एक इंदुरी पर्याय आहे. इथून सुमारे १०० किलोमीटरवर मांडूला गोरखचिंचेची प्रचंड बुंध्याची झाडं आहेत. मूळची आफ्रिकेतली. त्यांची लव असलेली, नारळाएवढी फळं तिथे रस्त्याकडेला ‘मांडू की इमली’ म्हणून मिळतात. आतला गर पांढरा आणि खडूसारखा कोरडा असतो. मोठा चमचाभर गर अर्धी वाटी पाण्यात अर्धा तास भिजवून, चोळून गाळला की स्वच्छ, सौम्य आंबटपणा मिळतो. लिंबासारखा झणका नसतो, त्यामुळे एका लिंबाच्या जागी हा गर आणि दुसरं लिंबूच, असं मी करते.

एकत्र करणं आणि चाखणं

पातेल्यात अननस, संत्रं, पेरू यांचे रस, दोन लिंबांचा रस, मीठ आणि सहा मोठे चमचे पाक घालून ढवळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. मीठ वगळू नका; ते खारट चवीसाठी नाही, संत्र्याचा उरलासुरला कडवटपणा दाबण्यासाठी आहे. गोडी मात्र आत्ता ठरवू नका. थंड पदार्थात गोड कमी लागतं. चांगलं गार झाल्यावरच चाखा आणि मग हवा तर आणखी एखाद-दोन चमचे पाक वाढवा.

यात दूध, दही किंवा मलई घालण्याचा मोह आवरा. इंदूरची शिकंजी दुधाची असते. बाहेरचे लोक लिंबूपाणी समजून मागवतात आणि समोर सुकामेवा घातलेला दाट दुधाचा पेला येतो. त्या धर्तीवर आमच्याकडेही एकाने मलई सुचवली होती. लिंबू आणि अननसाच्या आंबटपणाने ती पेल्यातच फाटली.

काठ

बशीत जीरावन आणि पिठीसाखर मिसळून पसरा. इंदूरबाहेर जीरावन मिळालं नाही तर घरी करता येतं: भाजलेले जिरे आणि धणे प्रत्येकी दोन चमचे, बडीशेप एक चमचा, दोन लवंगा आणि एक तमालपत्र एकत्र बारीक कुटा, मग आमचूर आणि काळं मीठ एकेक चमचा, सुंठ आणि लाल तिखट अर्धा-अर्धा चमचा, हिंग आणि हळद चिमूटभर. चाट मसाला चालेल, पण त्यात बडीशेप आणि सुंठेची पूड वाढवा, तीच जीरावनची ओळख.

लिंबाची फोड पेल्याच्या काठावर फक्त बाहेरून फिरवा, आणि तीही अर्ध्या गोलापर्यंतच. आतून ओला केला तर मसाला पेल्यात पडून पुन्हा तोच गाळ. अर्धा काठ मोकळा ठेवल्याने ज्याला मसाला नको त्याला पेला फिरवता येतो. पेला आडवा धरून ओली कड बशीतल्या मसाल्यावर हलकेच फिरवा आणि दोन मिनिटं वाळू द्या.

आता रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत दोन पेल्यांपुरता रस आणि पाच-सहा बर्फाचे खडे घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवा. बाटली बाहेरून घामाळली आणि हाताला झोंबायला लागली की पुरे. बर्फ बाटलीतच ठेवून रस पेल्यात पाऊण भर गाळा, चार-पाच गोठलेली द्राक्षं सोडा आणि वरून पेल्याच्या कडेने हळूच सोडा ओता. सोडा फ्रिजमधला गारच हवा. कोमट सोड्यातला वायू ओततानाच उडून जातो. बाटलीत सोडा घालून मात्र कधीही हलवू नका. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेगळी रंगपंचमी होईल.

मिसळलेला रस त्याच दिवशी संपवा. सालं, चोथा, अननसाचा दांडा सगळं ओल्या कचऱ्याच्या डब्यात. इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो. २०२२ मध्ये सुरू झालेला हा प्लांट दिवसाला ५५० टन कचऱ्यासाठी उभारलाय आणि त्या गॅसवर सिटी बस धावतात, त्यामुळे अननसाचा चोथा वाया गेला असं इथे म्हणता येत नाही.

उरलेला पाक काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. लिंबाच्या सरबतात चमचाभर घाला किंवा कलिंगडाच्या फोडींवर शिंपडा. बाटलीवर ‘मिरची’ असं लिहून चिठ्ठी मात्र चिकटवा. आमच्याकडे बाबांनी बिनचिठ्ठीची बाटली गुलाबजामाचा उरलेला पाक समजून बशीत ओतली आणि पोळी बुडवून खाल्ली. मग पाणी प्यायले, आणि दुसरी पोळी घेतली.