मैत्रिणीसोबत घरच्या घरी स्पा डे, काशाच्या वाटीसकट

गेल्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण एका स्पामध्ये गेलो होतो, दोघींचं पॅकेज वगैरे घेऊन. तर गेल्या गेल्या आम्हाला दोन वेगवेगळ्या खोल्यांत नेलं, बासरीची टेप लावली आणि दीड तास आम्ही भिंतीच्या अल्याड पल्याड गप्प पडून होतो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अगं, यासाठी सोबत कशाला यायचं होतं?" तेव्हापासून आम्ही हे घरीच करतो, दर दोन तीन महिन्यांनी, आणि खर्च निम्म्याहून निम्मा. तसंही काशाच्या वाटीने तळपाय घासणं आणि पाठीला तेल लावणं ही दोन कामं एकटीने धड होतच नाहीत.

आधी घर रिकामं करा. नवरा, पोरं, सासूबाई, ज्यांना जिथे पाठवता येईल तिथे पाठवा, नाहीतर तेल लावून बसलेलं असताना "माझा चार्जर कुठंय" सुरू होतं. पाणी सकाळी किती वाजेपर्यंत येतं ते बघा आणि बादल्या, पिंप भरून ठेवा, कारण उटणं लावलेल्या अंगाने पाण्याच्या टँकरची वाट बघणं काय असतं ते आम्ही भोगलंय. जुन्या चादरी, जुने टॉवेल, जुने गाऊन काढा, तेलाचे डाग जात नाहीत. आणि थ्रेडिंग, वॅक्सिंग त्याच दिवशी नको, दोन दिवस आधी उरका, ताज्या वॅक्सवर उटणं चोळलं की आग आग होते.

केसांची तयारी आदल्या रात्री करायची. दोघींसाठी दहा बारा शिकेकाईच्या शेंगा, आठ दहा रिठे (बिया काढून) आणि मूठभर आवळकाठी पाण्यात भिजत घाला, सकाळी उकळून, कुस्करून, जुन्या सुती ओढणीतून गाळून घ्या. याचा शाम्पूसारखा फेस येत नाही आणि डोळ्यात गेलं तर ब्रह्मांड आठवतं, तेव्हा मान मागे करून धुवा. केसांना खूप तेल असेल तर दोनदा लावावं लागतं. हा सगळा व्याप नको असेल तर सरळ शाम्पू वापरा, कोणी बघत नाही.

उटण्याला दिवाळीच हवी असं काही नाही. काष्ठौषधीच्या दुकानात सगळं सुटं मिळतं. आमचं प्रमाण असं, चार चमचे मसूर डाळीचं पीठ, दोन चमचे मुलतानी माती, एकेक चमचा आंबेहळद, कचोरा आणि चंदन पावडर, अर्धा चमचा नागरमोथा. एवढ्यात दोघींचे हातपाय, पाठ, चेहरा होतो. कोरडी त्वचा असेल तर दूध किंवा साय, तेलकट असेल तर गुलाबपाणी. स्वयंपाकाची हळद नको, दुसऱ्या दिवशी ऑफिसात पिवळा चेहरा घेऊन जावं लागतं. लिंबू तर अजिबात नको, लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की काळे डाग उठतात, कधीकधी फोड येतात. आणि नवीन काहीही असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा, खाज आली तर ते आपल्यासाठी नाही.

आता मुख्य दिवस. उठल्यावर हलकं काहीतरी खा, पोटभर मिसळ हाणून मालिश करायला बसू नका. थंडीत तिळाचं तेल, उन्हाळ्यात खोबरेल, एकीला साधारण अर्धी वाटी. तेल थेट गॅसवर तापवायचं नाही, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची आणि आधी आपल्या मनगटावर टाकून बघायचं. डोक्याला आधी, मग अंगाला. हातापायाला लांब हात फिरवायचा, गुडघे कोपर खांदे इथे गोल. पाठ एकमेकींची करायची, मणक्यावर जोर द्यायचा नाही, दोन्ही बाजूंनी अंगठ्याने खालून वर जायचं. मैत्रीण खांद्याला हात लावते आणि सांगते "इथे गाठ आहे बघ, लॅपटॉप बंद कर जरा", हे स्पावाली सांगत नाही. ताप असेल, कुठे जखम किंवा सूज असेल तर मालिश राहू द्या, आणि कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

मग काशाची वाटी. माझ्याकडे आजीची आहे, कड थोडी चेपलेली, पण तेवढीच हाताला बरोबर बसते. नसेल तर भांड्यांच्या दुकानात मिळते, फक्त पितळेची देत नाहीये ना ते बघून घ्या. मैत्रिणीचा पाय आपल्या मांडीवर घ्या, खाली जुना टॉवेल, तळपायाला चमचाभर साजूक तूप चोळा आणि वाटी पालथी धरून टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल घासत राहा, एका पायाला दहा मिनिटं तरी. थोड्या वेळाने तूप काळं होतं आणि सगळे म्हणतात उष्णता निघाली. खरं तर काशात तांबं आणि कथील असतं, तूप आणि घामासोबत घासून त्याचाच काळपटपणा येतो, पण झोप जी येते ती खरी असते. माझी मैत्रीण दुसऱ्या पायापर्यंत कधीच जागी राहत नाही, मग माझे पाय कोण घासणार, म्हणून आता पहिला नंबर माझा असा करार झालाय. झाल्यावर चिमूटभर बेसन लावून पाय पुसा, तुपाच्या पायांनी फरशीवर चालायचं नाही, सांगून ठेवते.

टाचांना भेगा असतील तर आंघोळीआधी कोमट पाण्यात मीठ टाकून पंधरा मिनिटं पाय बुडवा आणि वज्रीने हलकेच घासा, रक्त काढायचं नाही. मधुमेह असेल तर पाय बुडवून बसू नका, पायाला चटका कळेलच असं नाही, आणि वज्री नकोच.

उटणं शेवटी, लावून पूर्ण वाळू द्यायचं नाही, अर्धवट ओलं असतानाच चोळून काढायचं. बाथरूमची फरशी तेलाने घसरडी होते, तेव्हा रबराची चटई टाका आणि मोरीच्या जाळीवर एखादं फडकं ठेवा, नाहीतर मसूर डाळ पाइपात बसते आणि प्लंबरला काय काय सांगत बसणार. पहिली आत असताना दुसरीने कुकर लावायचा. वरणभात, तूप, लिंबाची फोड, पापड. लिंबू इथे चालतं.

जेवून झोपा. उरलेलं कोरडं उटणं बरणीत भरून तिला द्या, ओलसर हात लागला नाही तर महिनाभर सहज टिकतं, भिजवलेलं मात्र फेकून द्या.