ट्रीट खाऊन कुत्र्याचं पोट बिघडलं तर

जुलाब सुरू झाले की आधी सगळ्या ट्रीट बंद, चहाबरोबरचं बिस्कीटसुद्धा. पाणी मात्र सतत समोर हवं. हाडं-कातडी काढलेलं चिकन मीठ-मसाल्याशिवाय उकडा, त्याच्या दुप्पट मऊ भात कालवा आणि दिवसातून ४ वेळा थोडंथोडं द्या. शी घट्ट झाली की ३-४ दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा. शीतून रक्त पडलं, उलट्या थांबेनात किंवा पिल्लू मलूल झालं, तर घरगुती उपाय नकोत; लगेच डॉक्टर गाठा.

पुढे नवी ट्रीट एका वेळी एकच, नखाएवढी. मग २ दिवस शी बघा. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, त्यात ट्रीटचा वाटा ६०च्या आत हवा. दोन-तीन ग्लुकोज बिस्किटांतच तो संपतो! मनुका, कांदा, चॉकलेट, झायलिटॉल (शुगर-फ्री पदार्थांत साखरेऐवजी घालतात ते) अजिबात नाही.