डोमेन नावांचा कोड हातात घेण्याआधी : तयारीची यादी

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचं, पॅकेट उलगडणारं सॉफ्टवेअर लिहायला घेणार असाल, किंवा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याला नेटवर्क लॉगिंगचं टूल करून देणार असाल, तर पहिली ओळ टाइप करण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: प्रोग्रामच्या पोटात डोमेन नाव म्हणजे नेमकं काय? माझं मत पक्कं आहे. ती टिंबांनी जोडलेली स्ट्रिंग नव्हे. ती लेबलांची, म्हणजे टिंबांमधल्या तुकड्यांची, यादी आहे आणि प्रत्येक लेबल म्हणजे नुसते बाइट. टिंब आणि देवनागरी, दोन्ही फक्त माणसाकडून नाव घेताना आणि माणसाला दाखवताना. हे आधी ठरलं की पुढची बरीच भांडणं मिटतात.

आरएफसी १०३५, म्हणजे डीएनएसच्या पॅकेटाचे नियम, छापून टेबलावर ठेवा. १९८७ सालचा दस्तऐवज आहे, पण आजही नाव त्याच साच्यात जातं: लांबीचा एक बाइट, मग तेवढे बाइट, पुन्हा लांबी, पुन्हा बाइट, शेवटी शून्य. एका लेबलला ६३ बाइटची मर्यादा, आणि लांब्या व शेवटचं शून्य धरून पूर्ण नावाला २५५. ही तपासणी लिहिताना हवी आणि वाचतानाही हवी.

मग एक नाव हाताने सोडवून ठेवा. मी सोलापूर.भारत घेतो. सोलापूरचे कोडपॉइंट (युनिकोडमधले चिन्हांचे क्रमांक) सात: स, ओकार, ल, काना, प, दुसरा उकार, र. यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. प्युनिकोडमधून (कुठल्याही लिपीतलं नाव साध्या इंग्रजी अक्षरां-आकड्यांत बसवण्याची पद्धत) काढलं की होतं ‘एक्स एन’, दोन हायफन आणि पुढे ‘एन २ बी एम ई एक्स ५ ए झेड ए ३ डी’, म्हणजे १६ अक्षरं. भारतचं होतं ‘एक्स एन’, दोन हायफन, ‘एच २ बी आर जे ९ सी’, म्हणजे ११. पॅकेटात १६ हा आकडा, मग ते १६ बाइट, मग ११, मग ते ११ बाइट, शेवटी शून्य, एकूण ३०. तुमच्या एन्कोडरने ३० सोडून दुसरा आकडा दिला तर तिथेच थांबा आणि कारण शोधा. नंतर त्यालाच पहिल्या उकाराचं ‘सोलापुर’ द्या. ‘५ ए’पर्यंत सगळं तसंच येतं आणि शेपूट ‘टी ० ई’ होतं. डीएनएसच्या लेखी ही दोन वेगळी नावं आहेत, त्यामुळे कोडने परस्पर शुद्धलेखन सुधारू नये.

लायब्ररी कोणत्या नियमांनी चालते ते आधी पाहा. इंग्रजीखेरीज इतर लिपींतल्या डोमेन नावांच्या नियमांना ‘आयडीएनए’ म्हणतात. पायथनमध्ये अंगभूत असलेला ‘आयडीएनए’ कोडेक २००३ च्या नियमांचा आहे. २००८ च्या नियमांसाठी त्याच नावाचं वेगळं पॅकेज बसवावं लागतं. मराठीला हा फरक थेट लागतो. ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक स्वतंत्र ऱ घेऊन, दुसरं साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच. २००३ चे नियम ते जोडचिन्ह गुपचूप गाळतात आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र, म्हणजे ‘दर्या’, होतो. २००८ च्या नियमांत हलंतानंतर ते चालतं. चाचणीच्या फाइलीत तिन्ही रूपं हवीतच. साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) असं कोणी दिलं तर एनएफसीने, म्हणजे युनिकोडची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीने, त्याचा स्वतंत्र ऱ होतो. म्हणून एन्कोड करण्याआधी एनएफसी करून घ्या.

नावं फक्त मराठीच नकोत. आपल्या सोलापुरात पाटी कन्नड, तेलुगू, उर्दू कशातही असते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मित्राकडून तेलुगू नावं लिहून घ्या, कन्नड बोलणाऱ्याकडून कन्नड. उर्दूसाठी आरएफसी ५८९३ वाचा. उजवीकडून डावीकडे दिसणं हा फक्त पडद्याचा मामला, पॅकेटातला क्रम बदलत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा: पॉइंटर. लांबीच्या बाइटचे वरचे दोन्ही बिट १ असतील तर ती लांबी नसते. उरलेले १४ बिट ‘बाकीचं नाव अमुक जागी आहे’ एवढंच सांगतात. पॅकेटाचं हेडर १२ बाइटचं, म्हणून प्रश्नातलं नाव (शून्यापासून मोजलं तर) १२ व्या जागी सुरू होतं आणि उत्तरांत ‘१९२, १२’ ही जोडी सारखी दिसते. हीच जोडी मुद्दाम १२ व्या जागी ठेवून एक दुष्ट पॅकेट बनवा. निष्काळजी डिकोडर त्यात कायमचा गरगरत राहतो, आणि असं पॅकेट इंटरनेटवरून कोणीही पाठवू शकतं. नियम एकच ठेवा: प्रत्येक पॉइंटर आधीच्या उडीपेक्षा मागेच गेला पाहिजे, नाहीतर पॅकेट फेकून द्या. ६४ ते १९१ मधली लांबी आली तरीही फेका. पॅकेट अर्ध्यात तुटलेलं, लेबल शेवटच्या बाइटच्या पुढे जाणारं, असेही नमुने करून ठेवा.

लेबलात टिंब असू शकतं. एसओए रेकॉर्डमध्ये (डोमेनची व्यवस्थापकीय माहिती देणारी नोंद) व्यवस्थापकाचा ईमेल डोमेन नावासारखा लिहितात. ॲट चिन्हाआधीच्या भागात टिंब असेल तर ते लेबलाच्या आतलं असतं आणि छापताना त्याच्याआधी बॅकस्लॅश लागतो. अंडरस्कोअरने सुरू होणारी सेवांची नावंही खरी असतात, ती नाकारू नका. तुलना करताना इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एकच धरा, पण साठवताना आली तशीच ठेवा. काही रिझॉल्व्हर (नावाचं उत्तर शोधून आणणारे सर्व्हर) खोटी उत्तरं ओळखण्यासाठी ही लहान-मोठी अक्षरं मुद्दाम उलटसुलट करतात.

खऱ्या पॅकेटांसाठी वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावाल, तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये आधी सरांची किंवा मॅडमची लेखी परवानगी घ्या. कोण कुठली साइट उघडतं ते त्या नावांतून कळतं, म्हणून कॅप्चर केलेली फाइल रिपॉझिटरीत टाकू नका. तिच्यातली रचना उचला, आणि नावं व आयपी पत्ते आपले घाला.