क्लबमॉस ओळखताना या चुका टाळा

जंगलात जमिनीलगत सरपटणारी, बारीक टोकदार पानांची हिरवी वनस्पती दिसली की ‘मॉस आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. क्लबमॉस मॉसच्या गटातलं नाही. त्याला खरी मुळं असतात, खोडातून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असतात आणि प्रत्येक पानात एकच, फाटे न फुटलेली शीर असते. मॉसची बीजाणुपिशवी, म्हणजे नवं रोप उगवणाऱ्या कणांची (बीजाणूंची) पिशवी, बारीक दांड्यावर उभी असते. क्लबमॉसची पिशवी मूत्रपिंडाच्या आकाराची असते आणि पानाच्या बगलेत बसते.

ती पिशवी नेमकी कुठे आहे, हे न पाहता पानांवरून नाव ठरवणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. शंकू (अशा पिशव्या असलेल्या पानांचा दाट गुच्छ) अजिबात नाही, पिशव्या साध्या हिरव्या पानांच्याच बगलेत आहेत आणि फांद्या उभ्या झुबक्यात आहेत, तर हुपर्झिया हा वंश (जवळच्या प्रजातींचा गट) तपासा. लांब दांड्यावर दोन-तीन शंकू असतील तर लायकोपोडियम क्लॅव्हॅटम असू शकतं. फांदीच्या टोकाला बिनदांड्याचा एकच शंकू असेल, तर स्पिन्युलम वंश. क्लॅव्हॅटमच्या पानांना टोकाशी पांढरा केस असतो, पण जुन्या पानांवरून तो गळून जातो. म्हणून भिंग कोवळ्या शेंड्यावर धरा.

शंकू सापडत नसेल तर आसपासच्या फांद्यांवर गेल्या हंगामातले वाळलेले शंकू शोधा, बरेचदा ते टिकून असतात. तेही नसतील तर नोंद प्रजातीपर्यंत न नेता वंशापाशीच थांबवा. अर्धवट पण खरी नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते, चुकीचं नाव मात्र वर्षानुवर्षं फिरत राहतं.

सेलाजिनेला (क्लबमॉससारखी दिसणारी, पण वेगळ्या कुळातली वनस्पती) आणि डिफॅझियास्ट्रम (क्लबमॉसचाच एक वंश) यांची गल्लत फार होते, कारण दोन्हींत फांद्या चपट्या आणि पानांच्या चार रांगा असतात. सेलाजिनेलाच्या बहुतेक प्रजातींत बाजूची पानं मोठी आणि वरच्या अंगाची लहान, सुटी दिसतात. शंकू बहुधा चौकोनी. डिफॅझियास्ट्रमची पानं खवल्यांसारखी खोडाला चिकटलेली आणि शंकू गोलसर. शंका उरलीच तर सेलाजिनेलाचा शंकू भिंगाखाली उघडा: त्यात दोन प्रकारचे बीजाणू असतात, काही धुळीइतके बारीक, तर काही सहज दिसतील एवढे मोठे. क्लबमॉसचे सगळे एकसारखे बारीक.

जुन्या पुस्तकांत जवळजवळ सगळंच ‘लायकोपोडियम’ म्हणून सापडेल. 2016च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात क्लबमॉसचं कुळ 16 वंशांत विभागलं आहे. त्यामुळे लायकोपोडियम ॲनोटिनम आणि स्पिन्युलम ॲनोटिनम ही दोन नावं दिसली तर वनस्पती एकच आहे. नव्या-जुन्या याद्या जुळवताना आधी समानार्थी नावं तपासा.

फक्त शेंड्याचा फोटो काढून घरी येऊ नका. आडवं खोड जमिनीवर आहे की खाली, हेही लागतं. डेन्ड्रोलायकोपोडियम या क्लबमॉसच्या वंशाचं खोड जमिनीखालून धावतं आणि वर छोट्या झाडासारखे कोंब येतात. पालापाचोळा बोटांनी अलगद सारा, फोटो घ्या, पुन्हा झाका. उपटू नका. बीजाणूपासून नवं रोप वर यायला अनेक वर्षं जातात.

लक्षणं दोन प्रजातींच्या मधली वाटत असतील तर संकराचा विचार करा. हुपर्झिया आणि डिफॅझियास्ट्रममध्ये संकर होतात. हुपर्झियाच्या संकरात बीजाणू वेडेवाकडे, पोकळ निघतात, पण ते पाहायला सूक्ष्मदर्शकच हवा.