थेरपीत 'स्वतःशी मायेने बोला' सांगितलंय? मग या चुका टाळा

थेरपिस्टने सांगितलं म्हणून मी पण घरी येऊन "असू दे, होतं असं" घोकायला लागले आणि आठवड्यात सोडून दिलं, कारण काही वाटतच नव्हतं. चूक कुठे होतेय ते खूप उशिरा कळलं.

चूक शब्दांत नाही, सुरात असते. पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी कम्पॅशन फोकस्ड थेरपी (म्हणजे स्वतःकडे करुणेने बघायला शिकवणारी उपचारपद्धत) उभी केली ती यातूनच, त्यांच्या लक्षात आलं की पेशंट वाक्यं अगदी बरोबर म्हणतात पण मनातला आवाज तोच, खेकसणारा. परवा माझं दूध उतू गेलं, ओटा पुसता पुसता मी "असू दे" म्हटलं ते अक्षरशः दात-ओठ खात. मग थांबले, दोन-तीन श्वास सावकाश सोडले आणि तेच दोन शब्द तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून बोलतो तसे म्हटले. खांदे खाली आले. म्हणून आधी श्वास, मग शब्द. मनातली धोक्याची घंटा वाजत असताना नुसत्या वाक्यांनी काही होत नाही हो.

दुसरं म्हणजे रडू फुटलं की "हे आपल्याला झेपणार नाही" म्हणून बंद करणं. ज्यांना लहानपणी माया आणि मार एकाच हातून मिळाला त्यांना मायेचीच भीती वाटते, हे थेरपिस्टना चांगलं माहीत असतं. बंद खोलीत धुमसणारी आग दार उघडल्यावर भडकते ना, तसंच दाबून ठेवलेलं दुःख माया मिळाली की उसळतं. अशा वेळी जोर करू नका, पाय जमिनीला टेकवा, डोळे उघडे ठेवा आणि पुढच्या सेशनला हे नक्की सांगा. रात्री एकट्याने फारच असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि हे लाड नव्हेत बरं का! टाळत आलेला फोन करायला स्वतःला धीर देणं हीसुद्धा करुणाच.

घरात कोणाचं आजारपण काढणाऱ्यांची चूक वेगळी, ते समोरच्याचं दुःख स्वतःच्या अंगावर घेतात आणि त्यालाच करुणा समजतात. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांच्या प्रयोगात नुसत्या सहवेदनेचा सराव केलेल्यांना दुसऱ्याचा त्रास बघून जास्त वाईट वाटायला लागलं, करुणेचा सराव केल्यावर मात्र मन सावरलं. त्यामुळे पेशंटजवळ बसताना "याला किती दुखतंय" इथेच अडकू नका, "याला आत्ता बरं वाटू दे" असं मनात म्हणा आणि उशी नीट करून द्या.